बाजरीचे कणीस आणि मेंदूच्या तळाची गाठ

इतिहासाचा शिक्षक म्हणून मी मुलांना वर्षानुवर्षे एक गोष्ट सांगत आलो आहे. माणसाच्या वागण्यामागे कारणे असतात. ती शोधल्याशिवाय निवाडा देऊ नये. पानिपत शिकवताना हे सांगतो, सत्तावन्न शिकवतानाही सांगतो. पण मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यावर मीच एकदा कारण न शोधता निवाडा देऊन मोकळा झालो. त्या चुकीने मला एका औषधाचा इतिहास वाचायला लावला. राजांच्या आणि लढायांच्या इतिहासाइतकाच तो मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून यंदाच्या अंकासाठी तोच विषय घेतला आहे.

आमच्या शाळेत गणित शिकवणारे एक सहकारी होते. त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही. शांत, हिशेबी, कुणाचा एक रुपयाही न ठेवणारा माणूस. काही वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेला विचित्र त्रास सुरू झाला. समोरचे स्वच्छ दिसे, पण दोन्ही बाजूंचे दिसेना. डोळ्यांना झापड लावलेल्या टांग्याच्या घोड्यासारखी त्यांची गत झाली. दाराच्या चौकटीला खांदा आपटे, सायकलवरून जाताना बाजूने येणारी मोटार कळत नसे. आमच्या आधी हे पोरांच्या लक्षात आले. गुरुजींना भिंतीकडेची बाके दिसत नाहीत असे कळताच वर्गातली सारी द्वाड मंडळी दोन्ही कडांना जाऊन बसली!

दोनदा चष्मा बदलूनही फरक पडेना, तेव्हा नागपूर गाठले. तिथे मेंदूचा एमआरआय झाला आणि निदान हाती आले. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत गाठ होती. कर्करोगाची नव्हे, साधी. पण वाढून तिने डोळ्यांच्या नसांवर दाब आणला होता. घरात रडारड झाली. मेंदूची शस्त्रक्रिया म्हणजे जिवाशी गाठ, असेच सगळे धरून चालले होते. डॉक्टरांनी मात्र सांगितले की या जातीच्या गाठीला सुरी लागत नाही, गोळीने ती आक्रसते. आठवड्यातून दोनदा घ्यायची एक लहानशी गोळी. तीन आठवड्यांत गुरुजींना कडेची बाके पुन्हा दिसू लागली. शिक्षक-कक्षात पेढे वाटले गेले. आम्ही सर्वांनी हा चमत्कारच मानला.

वर्षभरानंतर वेगळ्याच गोष्टी कानावर येऊ लागल्या. गुरुजींनी एका शिक्षकाकडून दोन हजार घेतले, दुसऱ्याकडून तीन. माझ्याकडूनही पाच हजार नेले. पतपेढीचे हप्ते थकले. मग कळले की दर रविवारी ते गोंदियाला जातात आणि लॉटरीच्या तिकिटांची चळत घेऊन येतात. मी त्यांना कक्षात बोलावले आणि दार लावून घेतले. धर्मराजाने द्यूतात काय काय घालवले याची आठवण करून दिली, शिक्षकाच्या शीलावर चांगले अर्धा तास बोललो. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी एवढेच म्हणाले, “कळतं सर, पण हात थांबत नाही.”

मी म्हणालो, “मनाचा निग्रह पाहिजे.”

त्यानंतर महिनाभराने त्यांच्या पत्नी माझ्या घरी आल्या. हातात औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला पातळ कागद होता. दोन्ही बाजूंना मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर. त्या म्हणाल्या, “सर, मुलगी म्हणते यात जुगाराचं काहीतरी लिहिलंय. तुम्ही इंग्रजी वाचता, जरा वाचून सांगा न.” मी भिंग आणले. दुष्परिणामांच्या लांबलचक यादीत, मळमळ आणि चक्कर यांच्या बऱ्याच खाली, खरोखरच लिहिले होते की हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ, बेसुमार खरेदी आणि कामवासनेची वाढ आढळली आहे.

तो कागद वर्षभर त्यांच्या कपाटात पडून होता. घरात मराठी होती, बाजारात हिंदी होती, शेजारी पोवारी होती. कागद मात्र यांपैकी एकाही भाषेत बोलत नव्हता.

श्लेष्म्याची ग्रंथी

पिट्यूटरीला आपल्या शालेय पुस्तकांत पीयूषिका म्हणतात. नाव अमृताचे, आकार हरभऱ्याच्या दाण्याएवढा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. नाकाच्या मागे, कवटीच्या तळाच्या हाडात खोगिरासारखा एक खळगा आहे; त्यात ती बसलेली असते. तिच्या डोक्यावर दोन्ही डोळ्यांकडून आलेल्या नसांची फुली असते. म्हणून गाठ वर वाढली की आधी ही फुली दाबली जाते आणि दोन्ही बाहेरच्या बाजूंची नजर जाते. आमच्या गुरुजींचे नेमके हेच झाले होते.

या ग्रंथीच्या नावाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. लॅटिन भाषेत ‘पिट्युटा’ म्हणजे श्लेष्मा, शेंबूड. मेंदूत तयार होणारा मळ या ग्रंथीतून गाळला जाऊन नाकावाटे बाहेर पडतो, ही ग्रीक वैद्य गेलन याच्या परंपरेतली समजूत. १५४३ मध्ये शरीररचनेचा युगप्रवर्तक ग्रंथ लिहिणाऱ्या व्हेसालियसनेही तीच उचलली. पुढे १६६० मध्ये जर्मनीतील कॉनराड श्नायडर याने आणि १६७२ मध्ये इंग्लंडमधील रिचर्ड लोअर याने दाखवून दिले की मेंदूतून नाकात काही झिरपत नाही. सर्दीचे पाणी नाकाच्या अस्तरातूनच येते. समजूत गेली, नाव राहिले. हा श्लेष्म्याचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो वेगळ्याच रूपाने परत येणार आहे.

ग्रंथीचे खरे काम कळायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले. १८८६ मध्ये पॅरिसच्या पिएर मारी यांनी हातपाय आणि जबडा राक्षसी वाढणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले, आणि त्या विकाराचे मूळ पिट्यूटरीच्या गाठीत असल्याचे हळूहळू स्पष्ट झाले. १९०७ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे श्लोफर यांनी नाकाच्या वाटेने अशी गाठ काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. १९१२ मध्ये अमेरिकेचे हार्वे कुशिंग यांचा या ग्रंथीवरील प्रसिद्ध ग्रंथ आला. त्यानंतर साठ वर्षे या गाठीवर सुरी किंवा क्ष-किरण हेच उपाय होते. आपल्याकडे रुग्ण फार उशिरा पोचतात, त्यामुळे हे काम आणखी अवघड. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ११८ महाकाय पिट्यूटरी गाठींवरील शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच विभागाच्या अनुभवात इतक्या महाकाय गाठी जमा होतात, यावरून आपल्या समाजाची डोकेदुखी अंगावर काढण्याची सवय किती जुनी आहे ते कळते.

कणसावरचे विष

ही सुरी ज्या औषधाने बाजूला सारली त्याचा उगम कुठल्या प्रयोगशाळेत नाही, शेतात आहे.

धान्याच्या फुलोऱ्यावर एक बुरशी पडते. आधी कणसावर मधासारखे चिकट थेंब येतात, मग दाण्याच्या जागी काळपट, कठीण गाठी धरतात. हाच अरगट रोग. युरोपात तो राय नावाच्या धान्यावर पडे. ती गाठ पिठात दळली गेली की गावेच्या गावे आजारी पडत. कुणाची बोटे काळी पडून झडत, कुणाला झटके येत, कुणी भ्रमिष्ट होई. मध्ययुगात या रोगाला संत अँटनीचा अग्नी म्हणत. १६७६ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीला दनी दोदार यांनी या विषाची जी माहिती कळवली, तीत एक छोटी नोंद होती: याने बाळंतिणीचे दूध आटते. त्या नोंदीचा अर्थ लागायला तीनशे वर्षे जावी लागली.

हे सगळे दूरदेशीचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. संबंध आहे. आमचा बालाघाट भाताचा जिल्हा, चिन्नोरच्या सुवासाचा. बाजरी आमच्याकडे पाहुणी म्हणूनच येते. पण महाराष्ट्रातल्या आपल्या सोयऱ्यांच्या ताटात बाजरीची भाकरी रोजची. १९५६ साल आमच्या सीमाभागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. १ नोव्हेंबरला जुन्या मध्यप्रदेशाचे दोन भाग झाले. नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि आम्ही भोपाळच्या वाट्याला आलो. त्याच १९५६-५७ च्या हंगामात मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट पडलेली बाजरी खाऊन लोक आजारी पडण्याची साथ आली. पटेल, बोमन आणि दलाल या डॉक्टरांनी १९५८ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मळमळ, उलट्यांवर उलट्या, चक्कर, मग ग्लानी अशी तिची लक्षणे. युरोपातल्यासारखी बोटे मात्र झडली नाहीत, कारण बाजरीवरची बुरशी रायवरच्या बुरशीची चुलत बहीण. तिचे विष थोडे निराळे. १९७५ मध्ये राजस्थानातही अशीच साथ आली. तेव्हापासून कृषी खाते शेतकऱ्याला सांगत आले आहे की पेरणीआधी बियाणे वीस टक्के मिठाच्या पाण्यात बुडवा. हलक्या काळ्या गाठी वर तरंगतात, त्या काढून जाळा.

याच सुमारास, १९५९ मध्ये, त्या वेळच्या ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतून, पशुवैद्यांचा एक वृत्तांत आला. अरगट पडलेली बाजरी खाल्लेल्या डुकरिणींना पिल्ले झाली, पण दूधच उतरले नाही. दोदारच्या जुन्या नोंदीला आता बाजरीच्या बुरशीचीही साक्ष मिळाली.

तलावाचे दार

दूध कसे आटते याचे उत्तर पिट्यूटरीत आहे. ही ग्रंथी प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक तयार करते. बाळंतिणीला दूध येते ते त्याच्यामुळे. या संप्रेरकाची एक खासियत अशी की ते मुळात वाहायलाच निघालेले असते आणि मेंदू त्याला सतत अडवून धरतो. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांना जसे पाणी सोडायचे दार असते, तसे. दार घातलेले असेल तोवर पाणी थोपते. प्रोलॅक्टिनच्या तलावाचे हे दार म्हणजे डोपामिन नावाचे रसायन.

हे दार उघडले तर काय होते, ते आपल्याच एका वनस्पतीने जगाला दाखवले. सातपुड्याच्या जंगलात मिळणारी सर्पगंधा आमच्या वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या गुणांवर लिहिले. १९४९ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील सर्पगंधेचा शोधनिबंध ब्रिटिश नियतकालिकात आला आणि साऱ्या जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरी सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेझर्पिन वेगळे काढले. रक्तदाब उतरू लागला, पण काही रुग्ण खिन्न झाले, काहींचे हातपाय कंपवातासारखे ताठरले, काही स्त्रियांना बाळंतपण नसताना दूध येऊ लागले. तीन लक्षणांत वरवर काही नाते दिसत नाही. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विड कार्लसन यांच्या प्रयोगांनी उलगडा केला. रेझर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करते. कार्लसन यांना पुढे २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे डोपामिन केवळ दुधाच्या तलावाचे दार नाही. हातापायांची हालचाल त्याच्या हाती आहे, मनाची उमेद त्याच्या हाती आहे, आणि ‘अजून एकदा, अजून एकदा’ अशी ओढही त्याच्याच हाती आहे. एकच किल्ली चार दारांना लागते.

त्याच बाझेल शहरात सँडोझ ही दुसरी कंपनी अरगटावर काम करत होती. तिथे आर्थर स्टोल यांनी १९१८ मध्ये अरगटातून अरगोटामिन वेगळे केले होते. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणारे मेथर्जिन, जे आपल्या नर्सबाईंना तोंडपाठ असते, तेही याच घराण्यातले. आणि आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये बनवलेले, १९४३ मध्ये ज्याने त्यांनाच भ्रमाच्या फेऱ्यात टाकले ते एलएसडीही याच घराण्यातले. मेंदूशी या घराण्याची सलगी किती जुनी आहे हे यावरून दिसते.

१९६० च्या दशकात सँडोझचे एडवर्ड फ्लुकिगर आणि त्यांचे सहकारी असे अरगटजन्य रसायन शोधू लागले की जे बाकीचा उपद्रव टाळून फक्त प्रोलॅक्टिन अडवील. त्यातून ब्रोमोक्रिप्टिन आले. माणसात प्रोलॅक्टिन स्वतंत्रपणे असते की नाही याबद्दलच तेव्हा शंका होती. ती १९७०-७१ मध्ये कॅनडाचे हेन्री फ्रीजन आणि इतरांच्या कामाने फिटली. १९७१ मध्ये नको असलेले दूध थांबवण्यासाठी ब्रोमोक्रिप्टिन यशस्वी ठरल्याचा वृत्तांत आला. मग ज्याची कुणी फारशी अपेक्षा केली नव्हती ते दिसले. प्रोलॅक्टिन तयार करणाऱ्या गाठी या औषधाने नुसत्या गप्प होत नव्हत्या, आक्रसत होत्या. १९७४ मध्ये हेच औषध कंपवातावरही लागू पडल्याचे डोनाल्ड काल्न यांनी दाखवले. आठवड्यातून एक-दोनदा घेण्याचे कॅबरगोलिन नंतर आले. अमेरिकेत त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

या औषधांचे उपकार विसरून चालणार नाही. पिट्यूटरीच्या संप्रेरक सोडणाऱ्या गाठींत प्रोलॅक्टिनचीच गाठ सर्वांत जास्त आढळते. स्त्रीची पाळी बंद होते, मूल होत नाही. ‘वांझ’ म्हणून जिचा छळ झाला अशा कितीतरी सुनांच्या कपाळी दैव नव्हते, ही हरभऱ्याएवढी ग्रंथी होती. गोळीने अनेकींची पाळी परत आली, कूस उजवली.

गाठ आक्रसते तेव्हा

पण मोठी गाठ झपाट्याने लहान होणे हीसुद्धा एक घटना आहे, आणि तिचे परिणाम मेंदूला भोगावे लागू शकतात.

पहिला परिणाम नाकाचा. मोठी गाठ कधी कधी खालचे हाड पोखरून नाकामागच्या पोकळीत उतरते. पडलेले भोक तीच बुजवून बसते, बाटलीच्या बुचासारखी. औषधाने बूच आक्रसले की मेंदूभोवतीचे पाणी त्या भोकातून नाकात झिरपू लागते. झुरिचचे शल्यविशारद लँडोल्ट यांनी १९८२ मध्ये हा औषधोपचाराचाच उपद्रव म्हणून मांडला. गेलनची समजूत श्नायडर आणि लोअर यांनी तीनशे वर्षांपूर्वी खोडून काढली होती. इथे मात्र मेंदूचे पाणी खरोखर पिट्यूटरीच्या वाटेने नाकात येते! घरचे लोक त्याला सर्दी म्हणतात, वाफारा देतात. पण सर्दीचे पाणी चिकट असते, हे पाण्यासारखे स्वच्छ. बहुधा एकाच नाकपुडीतून, खाली वाकले की टपटपणारे, चवीला खारट किंवा काहीसे गोडसर. रुमालावर वाळले तर रुमाल ताठ होत नाही. ज्या वाटेने पाणी बाहेर येते त्याच वाटेने जंतू आत जाऊ शकतात आणि मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. ताप, मान ताठणे, जबर डोकेदुखी ही त्याची खूण. अशा वेळी तासांचा हिशेब असतो. म्हणून मोठ्या गाठीवर गोळी सुरू असताना असे पाणी दिसले तर नाक जोराने शिंकरू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. हे भोक शस्त्रक्रियेने बुजवता येते.

दुसरा परिणाम नजरेचा. गोळीने नजर सुधारते, कधी थोड्याच दिवसांत. पण क्वचित काही महिन्यांनी ती पुन्हा मंदावते. गाठ पुन्हा वाढली असेच सर्वांना वाटते. प्रत्यक्षात कधी कधी उलटे असते: गाठ इतकी लहान झालेली असते की वरची नसांची फुली रिकाम्या खळग्यात खाली ओढली जाते. अशा वेळी औषध वाढवण्याऐवजी थोडे कमी केल्याने नजर परतल्याच्या नोंदी आहेत. कोणते कारण आहे हे एमआरआय पाहूनच ठरते.

तिसरा, गाठीत अचानक रक्तस्राव होणे. तो औषधाशिवायही होतो, औषध चालू असतानाही झाल्याची उदाहरणे आहेत. वीज पडावी तशी डोकेदुखी, उलट्या, एकाचे दोन दिसणे किंवा पापणी पडणे: अशा वेळी थेट मोठे रुग्णालय गाठावे.

चौथा परिणाम मनाचा. सुरुवातीची मळमळ, उठताना येणारी चक्कर, दिवसा डोळ्यांवर येणारी झापड ही १९५६ सालच्या बाजरी खाणाऱ्यांच्या त्रासाची सौम्य आवृत्ती आहे असे म्हणता येईल. मात्रा हळूहळू वाढवली आणि गोळी जेवणानंतर झोपताना घेतली की तो त्रास बहुतेकांना सोसतो. पण किल्ली चार दारांना लागते हे आपण पाहिलेच. काही रुग्णांना भास झाल्याच्या, संशयाने घेरल्याच्या नोंदी ब्रोमोक्रिप्टिनच्या सुरुवातीच्या काळापासून आहेत. डोपामिनचे काम करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या कंपवाताच्या रुग्णांत जुगाराचे व्यसन जडल्याची प्रकरणे २००५ च्या सुमारास ठळकपणे पुढे आली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने त्या वर्षी अशा ११ रुग्णांची हकीकत छापली. २००७ मध्ये पिट्यूटरीच्या गाठीसाठी कॅबरगोलिन घेणाऱ्या एका रुग्णाचीही तशीच हकीकत प्रसिद्ध झाली. आमचे गुरुजी त्या मालिकेतले होते, इतकेच.

बहुसंख्य रुग्णांना यातले काहीही होत नाही. ते गोळी घेतात, संसार करतात, बरे असतात. पण ज्याला होते त्याचे घर बुडू शकते. आणि नाकातले पाणी निदान दिसते तरी. मनात झालेला बदल कुणाला दिसणार? रुग्णालाही तो औषधाचा वाटत नाही, आपला स्वभावच पालटला असे वाटते. लाजेने तो बोलत नाही. आणि त्याच्यासमोर माझ्यासारखा कुणी बसलेला असतो, शीलावर व्याख्यान देत.

कागदाचे वाचन

त्या रात्री कागद वाचून झाल्यावर आम्ही गुरुजींच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी बोलावले. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, असे बजावले. गाठ पुन्हा वाढून नजर जाण्याचा धोका असतो. मात्रा टप्प्याटप्प्याने कमी केली, रक्ताची तपासणी लवकर लवकर ठेवली. काही आठवड्यांतच गुरुजींच्या डोक्यातला तिकिटांचा भुंगा गप्प झाला. ते मला म्हणाले, “सर, पूर आला होता तो ओसरल्यासारखा झाला.” कर्ज फेडायला मात्र दोन वर्षे लागली. माझे पाच हजार त्यांनी पाकिटात घालून, वर तारीख लिहून परत केले. मी ते घेतले; न घेतले असते तर त्यांचा पुन्हा अपमान झाला असता. माफी मी मागितली. ते हसले आणि म्हणाले, “तुम्ही धर्मराजाची गोष्ट सांगितली तीही खरीच होती, सर.” यावर मला काही बोलता आले नाही.

ऋग्वेदात एक जुगाऱ्याचे सूक्त आहे. फाशांपुढे हतबल झालेल्या माणसाचा विलाप हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी जपून ठेवला. म्हणजे ‘हात थांबत नाही’ ही तक्रार नवी नाही. नवे एवढेच की काही वेळा हात का थांबत नाही, याचे कारण आता आपल्याला माहीत आहे. ते माहीत असून न विचारणे हा दोष मात्र आपला.

आपल्या सीमाभागातल्या घरांना माझी विनंती साधी आहे. डॉक्टर मराठीत बोलतात, औषधवाला हिंदीत, आणि खोक्यातला कागद इंग्रजीत. या तीन भाषांच्या फटीत पुष्कळ काही गळून पडते. मेंदूशी संबंध असलेले कोणतेही औषध घरात आले की तो कागद फेकू नये. घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलीकडून तो मोठ्याने वाचवून घ्यावा, आणि जे कळले नाही ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावे. पिट्यूटरीची गाठ असेल तर तीन गोष्टी आवर्जून विचाराव्यात: गाठ नाकाच्या बाजूला उतरली आहे का, नजरेची तपासणी पुन्हा केव्हा करायची, आणि वागण्यात कोणता बदल दिसला तर कळवायचा. घरी चालू असलेल्या उलटीच्या, मनाच्या आजाराच्या गोळ्याही दाखवाव्यात, कारण त्यांतल्या काही गोळ्या याच डोपामिनच्या उलट काम करतात आणि रक्तातले प्रोलॅक्टिन वाढवतात. आणि घरच्यांनी रुग्णाशी बोलताना आवाज चढवण्याआधी एकदा विचारावे: हे केव्हापासून सुरू झाले? गोळी सुरू व्हायच्या आधी, की नंतर?

इतिहासात आम्ही याला कालक्रम म्हणतो. पाचवीच्या मुलाला मी शिकवतो तोच पहिला धडा. त्या दिवशी कक्षाचे दार लावून घेतल्यावर मी तेवढाच प्रश्न विचारायला हवा होता.

गुरुजी अजून गणित शिकवतात. वर्गाच्या दोन्ही कडांची बाके त्यांना नीट दिसतात, ही पोरांची एकमेव तक्रार आहे.